फझ आधी की ओव्हरड्राइव्ह आधी? बँडमध्ये माझा फझ ऐकूच येत नाही

धागाकर्ता:
मंडळी मदत हवीये. गिटार स्ट्रॅटोकास्टर, बोर्डवर आधी बॉसचा ट्यूनर, मग ट्यूब स्क्रीमर (आवाज थोडा फाडणारं ओव्हरड्राइव्ह पेडल), शेवटी फझ फेस टाइपचं जर्मेनियमवालं पेडल (आवाज भरपूर फाडणारा फझ, जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरवर चालणारा) आणि तिथून अँप. घरी एकट्याने वाजवताना जाम भारी वाटतं पण ड्रम्स आणि बेस सुरू झाले की गिटार कुठे गडप होते कळत नाही, अँप वाढवला तर नुसता गोंगाट वाढतो. आणि सगळे म्हणतात फझ फेसवर गिटारचा व्हॉल्यूम उतरवला की आवाज साफ होतो, गिटारिस्ट जिमी हेंड्रिक्स तसाच वाजवायचा. माझा साफ होतच नाही, उलट टोचतो. विकून बिग मफ (दुसरं एक फझ पेडल) घेऊ का?

जुनासोल्डर:
अरे थांब, विकू नकोस! पेडल ठीक आहे, जागा चुकलीये. ट्यूनर आणि ट्यूब स्क्रीमर दोन्हींत बफर (सिग्नल सांभाळून पुढे पाठवणारं छोटं सर्किट) असतो, पेडल बंद असलं तरी सिग्नल त्यातूनच जातो. फझ फेसचं सर्किट 1966 चं, लंडनच्या आर्बिटरचं, दोन ट्रान्झिस्टर आणि मोजके पार्ट, बस. त्याचा इनपुट इम्पीडन्स (येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) इतका कमी की पिकअपची (तारांचा आवाज पकडणाऱ्या गिटारवरच्या भागाची) कॉइल आणि तुझा व्हॉल्यूम पॉट (नॉबखालचा पार्ट) त्या सर्किटचाच भाग होतात, म्हणून नॉब थोडा उतरवला की फझ सैल पडतो आणि ती काचेसारखी क्लीन मिळते. मध्ये बफर आला की हे सगळं तुटतं, राहतो तो टोचरा आवाज. म्हणून गिटार थेट फझमध्ये, ट्यूनर नंतर. फझचा नॉब जवळपास फुल ठेव आणि गिटारचा व्हॉल्यूम 10 वरून 7 पर्यंत हळूहळू आण, सगळी मजा तिथेच आहे.

रिदमवाला:
वरच्याशी सहमत, पण बँडमध्ये हरवण्याचं कारण मिड्स, म्हणजे मधल्या पट्टीचे आवाज. गिटार ऐकू येते ती मिड्समुळे, घरी खाली बेस वर ट्रेबल छान वाटतं पण बँडमध्ये खालची जागा बेसची आणि वरची सिंबल्सची, मग तुला उरतं काय? ट्यूब स्क्रीमर साधारण 700 हर्ट्झच्या आसपास फुगवतो आणि खालचा बेस छाटतो, नेमकं तेच हवंय. फझच्या नंतर लाव, ड्राइव्ह शून्याजवळ, लेव्हल चढवून, टोन मध्यावर. मफ घेशील तर उलट होईल, त्याच्यात मिड्स मुळातच खोल दाबलेले. पिंक फ्लॉइडच्या गिल्मोरचा आवाज ऐकून लोक मफ घेतात पण तो मफच्या नंतर ट्यूब ड्रायव्हरसारखं ओव्हरड्राइव्हही लावायचा हे कुणी बघत नाही.

धागाकर्ता:
पण बरेच जण ओव्हरड्राइव्ह आधी लावतात ना? फझला ढकलायला?

रिदमवाला:
लावतात, सिलिकॉन ट्रान्झिस्टरवाल्या फझवर किंवा मफवर चालतं, सोलोला सस्टेन वाढतो. जर्मेनियम फझ फेसवर परत तोच बफरचा घोळ.

जुनासोल्डर:
अजून एक, हे महत्त्वाचं आहे. जर्मेनियमवाले बरेच पेडल पॉझिटिव्ह ग्राउंड (पॉवरची + बाजू ग्राउंडला जोडलेली) असतात. तुझं तसं असेल तर डेझी चेनवर (एकाच अडॅप्टरवरून सगळ्या पेडलांना जाणाऱ्या वायरवर) बाकीच्यांबरोबर अजिबात जोडू नकोस, शॉर्ट होतं. बॅटरी नाहीतर पॉवर सप्लायचा आयसोलेटेड (बाकीच्यांपासून वेगळा) आउटपुट. बॅटरी लावलीस तर वाजवून झाल्यावर इनपुटची केबल काढ, नाहीतर बॅटरी उतरत राहते. आणि जर्मेनियमला उकाडा सोसत नाही, तापलं की ट्रान्झिस्टरचा लीकेज वाढतो, बायस (ट्रान्झिस्टरची व्होल्टेजची सेटिंग) सरकतो आणि नोट शेवटी तुटक तुटक मरते. मे महिन्यात विदर्भात गच्चीवर शो असेल तर पेडल उन्हात ठेवू नकोस.

धागाकर्ता:
लावून बघितलं!! फझ पहिला, मग स्क्रीमर, शेवटी ट्यूनर. व्हॉल्यूम 7 वर आणला आणि खरंच साफ झाला, कॉर्डमधली एकेक तार वेगळी ऐकू येतेय. खूप आभार. पण आता सोलोला स्क्रीमर चालू केला की शू-शू फार येतंय, त्याचं काय?

रिदमवाला:
ड्राइव्ह पूर्ण खाली आण आणि टोन थोडा मागे घे. तरी राहिलं तर फझ 10 वरून 8 वर. थोडा आवाज राहणारच, स्ट्रॅटोकास्टरचे पिकअप सिंगल कॉइल (एकाच कॉइलचे, आजूबाजूची गुरगुर पकडणारे) आहेत.