मदत हवी आहे: भर मे महिन्यात मॉडेलमधली खोली गार कशी?

मंडळी, पांढरकवड्याजवळच्या एका गावात ग्रामपंचायतीची अभ्यासिका करतेय. एकच मोठी खोली, फ्लायअ‍ॅश विटांच्या ९ इंची भिंती, वर साधा आरसीसी स्लॅब, खाली शहाबादी फरशी, समोर ओसरी. एसी नाही. उन्हाळ्यात पाण्याची बोंब, म्हणून कूलरही धरला नाही. मॉडेल स्केचअपमध्ये (थ्रीडी आराखड्याचं सॉफ्टवेअर) उभं केलं, त्यातून आयडीएफ (इमारतीची सगळी माहिती असलेली फाइल) काढून एनर्जीप्लसमध्ये, म्हणजे इमारतीतल्या उष्णतेचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चालवली. हवामानाची फाइल नागपूरची.

मे महिन्यात खोली ३३.४ अंशांच्या वर जातच नाही! गेल्या मे महिन्यात अशाच स्लॅबच्या एका खोलीत मी स्वतः खिळ्याला थर्मामीटर टांगला होता, चारच्या सुमारास ४१ होते. सरपंच मात्र खूश. "मंग स्लॅबवर काई कराची गरज नाई न, मॅडम?" काय सांगू?

हवामान फाइलमध्ये मे महिन्याचा पारा ४४-४५ दिसतो. स्लॅबला ऊन लागतंय, उत्तर दिशा बरोबर आहे. फटींतून येणारी हवा तासाला १ वरून ३ वेळा केली, तर जेमतेम दीड अंश वाढला. एरर फाइलमध्ये गंभीर काही नाही. दोन रात्री गेल्या यात.

प्रतिसाद:
ताई, फरशीच्या आतल्या पृष्ठभागाचं तापमान आउटपुटला मागा. आणि आयडीएफमध्ये जमिनीचं तापमान भरलंय का? नसेल तर एनर्जीप्लस बाराही महिने १८ अंश धरतं. एसी चालणाऱ्या मोठ्या इमारतीखाली तसं चालून जातं, आपल्याकडे नाही. पडताळायचं तर फरशीची बाउंड्री फक्त एकदा अ‍ॅडियाबॅटिक करून, म्हणजे फरशीतून जमिनीत उष्णता जातच नाही असं धरून, चालवा. पारा चढला की चोर सापडला. मग 'किवा' (Kiva) लावा, म्हणजे जमिनीत जाणाऱ्या-येणाऱ्या उष्णतेचं गणित करणारी एनर्जीप्लसमधलीच सोय. हवामान फाइलच्या वरच्या ओळींतले जमिनीचे आकडे मात्र उचलू नका, ते मोकळ्या रानातल्या मातीचे असतात. आणि कधी हाताने २८-३० भरलेत, तर १५ ते २५ च्या बाहेर आहे म्हणून इशारा येईल. विदर्भात तो येणारच, घाबरू नका.

धागाकर्ती:
रकाना रिकामाच होता! दुपारी तीनला फरशी २२ अंश. आमच्या आजीला ही फरशी मिळाली तर ती उठायचीच नाही. अ‍ॅडियाबॅटिक केल्यावर ४०.६ आले. सरपंचांशी आता ऊन परतवायला स्लॅबवर चुना आणि चायना मोझॅक (पांढऱ्या टाइल्सचे तुकडे) लावण्याचं बोलावं लागेल, चेहरा बघवणार नाही. किवामध्ये फरशीच्या उघड्या (बाहेरच्या बाजूच्या) काठाची लांबी मागतंय, ओसरीकडची बाजू त्यात धरू का?

प्रतिसाद:
ओसरी उघडी आहे न? मग धरा.