गल्लीतली फिल्टर कॉफी: सकाळी सातची आणि साडेअकराची

फडताळ:
आज माटुंगा बाजारात कॉफी दळतानाचा वास आला आणि हा धागा काढलाच. मोठ्या साखळीवाल्यांचं नको, आपापल्या गल्लीतल्या एकट्यादुकट्या कॉफीवाल्याबद्दल लिहा. दुकान तेच, हात तोच, तरी सातचा कप आणि साडेअकराचा कप वेगळा लागतो. कारण डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधल्या पुडीवर गरम पाणी ओतून खाली थेंबथेंब उतरलेला कॉफीचा दाट अर्क. सकाळचं नुकतं उतरलेलं असतं. साडेअकरापर्यंत ते गरम पाण्यात बसून चार तास झालेले असतात, वास उडालेला, कडवटपणा तेवढा शिल्लक. काही जण त्याच चोथ्यावर दुसऱ्यांदा पाणी ओततात. मग कप फिकट दिसू नये म्हणून दूध कमी आणि वरून साखर जास्त.

चिकोरीकाकू:
अगदी अगदी! "अण्णा, नवीन उतरलं का?" एवढं विचारायचं. नाही म्हणाले तर आधी इडली सांगायची. घरच्या छोट्या फिल्टरलाच १५-२० मिनिटं लागतात, त्यांच्या मोठ्या पिंपाला जास्तच.

उंबरठा:
चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) किती ते पण विचारा. ८०:२० म्हणजे ८० टक्के कॉफी, २० टक्के चिकोरी, यात कॉफीची चव राहते. ६०:४० ला रंग काळाभोर, अंगाला दाट, पण मागे गुळचट-करपट चव रेंगाळते. चिकोरीत कॅफीन नसतंच, त्यामुळे तरतरीही कमी. नियमाने मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि पाकिटावर प्रमाण छापलेलं हवं.
घरी बघायचं असेल तर काचेच्या ग्लासात गार पाणी घ्या, वर चिमूटभर पूड भुरभुरा, ढवळू नका. कॉफी तरंगते. चिकोरी तपकिरी रेघा सोडत खाली बसते.

चिकोरीकाकू:
@उंबरठा माझ्या नावावर तरी दया करा 😄

कपबशी:
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. आमच्या पितळी फिल्टरमधून थेंबच पडत नाही, काय करू??

फडताळ:
@कपबशी पूड फार बारीक आहे किंवा चकतीने दाबून बसवलीये. जाडसर रव्याइतकी दळून घ्या, चकती नुसती ठेवा. ३ मोठे चमचे शीग लावून, १५० मिली पाणी, उकळी आल्यावर अर्धा मिनिट थांबून ओतलेलं. हाती १०० मिलीच्या आसपास येतं, बाकीचं पूड पिऊन टाकते. तरीही अडलं तर वरचं भांडं किंचित उचलून पुन्हा बसवा, खालची कोंडलेली हवा सुटते.

उंबरठा:
स्टीलचा असता तर वरचं भांडं उलटं धरून गॅसच्या ज्योतीवर फिरवा म्हटलं असतं. भोकांतला तेलकट चोथा जळतो, गार झाल्यावर ब्रश मारायचा. पितळीला हे नको, आतली कल्हई जाईल.

ताकपीठ:
विषयांतर करतो. नवीन कॅफेवाले बिलात सेवाशुल्क आपसूक लावतात. २०२२ च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ते ऐच्छिक आहे, आणि २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. काढायला सांगा, नाही ऐकलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. जीएसटी वेगळा, तो द्यावाच लागतो.

चिकोरीकाकू:
उभ्याने प्यायच्या कॉफीवर कसलं आलंय सेवाशुल्क, टंबलर आपणच उचलून ठेवतो 😂

स्टीमवाला:
मशीनवाल्या कॅफेबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. काउंटरशी उभं राहून वाफेच्या नळीकडे बघा. दूध तापवून झालं की ओल्या फडक्याने पुसून एकदा फुस्स करून वाफ सोडली पाहिजे. नळीवर पांढरी खरपुडी दिसली तर ते मागच्या गिऱ्हाइकाचं दूध आहे, साधी काळी मागवा. दूध ६०-६५ अंशांवर थांबवायचं, ७० च्या पुढे गोडवा मरतो. "एक्स्ट्रा हॉट" मागणारे स्वतःच कॅपुचिनोची वाट लावतात.
एस्प्रेसोचं साधारण माप: १८ ग्रॅम पूड, २५-३० सेकंदांत ३६ ग्रॅम कॉफी. पंधराच सेकंदांत भसाभस आली तर आंबट लागणार. पावसाळ्यात दमट हवेने वेळ बदलते, ग्राइंडर दिवसातून दोनतीनदा जुळवावा लागतो. जुलैतली कॉफी बिघडली तर आधी तिथे बघा. आणि टँकरचं जड पाणी! त्याने चव दबते, बॉयलरमध्ये क्षार धरतो तो वेगळाच.

कपबशी:
कुकर झाला. @फडताळ पडतायत थेंब!! हवाच कोंडली होती 🙏 वाट बघेपर्यंत विचारते, पार्सल कागदी कपात इतकी बेचव का लागते?

फडताळ:
ओतणं होत नाही ना. टंबलरमधून डबऱ्यात (खालच्या पसरट वाटीत) हातभर उंचीवरून दोनतीनदा धार ओतली की साखर विरघळते, फेस येतो आणि कॉफी ओठाला लागेल इतपत निवते. कागदी कपात वरून दूध ओतून झाकण लावतात, साखर तळाशी. निदान ढवळून घ्या.

नाकासमोर:
दुधावर कोणीच बोलत नाही? फुल क्रीम म्हणजे ६ टक्के स्निग्धांश, टोन्ड म्हणजे ३. महिन्याच्या मध्यात चव अचानक पातळ झाली तर डिकॉक्शनला दोष देण्याआधी मागच्या क्रेटमधल्या पिशव्यांचा रंग बघा.

चिकोरीकाकू:
अण्णांच्या क्रेटमध्ये दोन्ही रंगांच्या असतात. आता उद्या विचारणं आलं.