मारणाऱ्याचं नको, गेलेल्या माणसाचं पुस्तक सुचवा

पदराची_गाठ

नमस्कार. आम्ही कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या सात बायका दर गुरुवारी एकीच्या घरी जमून पुस्तक वाचतो. एक मोठ्यानं वाचते, बाकीच्या वाती वळत, शेंगा फोडत ऐकतात. यंदा धाकट्या सुनांनी खऱ्या गुन्ह्यांवरची पुस्तकं वाचूया म्हणून धरलं. दोन झाली. दोन्हीत खुन्याचं बालपण, त्याची आई, त्याचं डोकं कसं चालायचं, सगळं पानंच्या पानं. मेलेली मुलगी पहिल्या प्रकरणातच मेली आणि संपली. ती घरात कुणाशी भांडायची, तिला काय करून खायला आवडायचं, एक ओळ नाही.

मला हे इतकं का लागलं ते सांगते. 1996 साली माझा मुलगा तीन वर्षांचा होता. त्या वर्षाच्या अखेरीला ती आई आणि तिच्या दोन मुलींचं प्रकरण उघडकीला आलं. लहान मुलं पळवायची, चोऱ्या करताना कडेवर वागवायची आणि नंतर मारून टाकायची. पुढं कितीतरी महिने महाद्वार रोडला जाताना मी पोराचं मनगट माझ्या पदराला गाठ मारून बांधत होते. तो ओढायचा, रडायचा. मी सोडत नव्हते.

2001 ला इथल्याच कोर्टात दोघी बहिणींना फाशीची शिक्षा झाली, 2006 ला सुप्रीम कोर्टानं ती कायम केली, 2022 ला दयेच्या अर्जाला फार उशीर लावला म्हणून हायकोर्टानं जन्मठेप केली. दर वेळी पेपरात त्यांचेच फोटो. त्यांची नावं मी इथं लिहीत नाही, तुम्हाला माहीतच आहेत. पण मारलेल्या एका तरी लेकराचं नाव सांगा म्हटल्यावर आमच्या सातजणींत कुणाला सांगता आलं नाही. मलाही नाही. गाठ मारणारी मी, आणि मला एक नाव येत नाही. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

तर, ज्यात गेलेलं माणूस आधी जगताना दिसतं अशी पुस्तकं सांगा. इंग्रजी चालेल, सून वाचून मराठीत सांगते.

कनवा_सभासद

काकू, हॅली रुबेनहोल्ड यांचं ‘द फाइव्ह’ घ्या. 2019 चं आहे. 1888 साली लंडनमध्ये ‘जॅक द रिपर’नं मारलेल्या पाच बायकांची चरित्रं आहेत, आणि खुनांचं वर्णन जवळपास नाहीच. पॉली ही लोहाराची मुलगी, एलिझाबेथ स्वीडनमधल्या शेतकऱ्याघरची, केट आपल्या जोडीदाराबरोबर गावोगाव गाण्यांची चोपडी विकत फिरलेली. सव्वाशे वर्षं या पाचही जणींना सरसकट वेश्या म्हणत आले. लेखिका कागदपत्रं काढून दाखवते की तिघींच्या बाबतीत तसा पुरावाच नाही. पॉलीकडे त्या रात्री खाटेचे चार पेन्स नव्हते म्हणून तिला निवाऱ्यातून बाहेर काढलं, हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

शुक्रवार_ते_शनिवार

आमच्या लहानपणी, 1976-77 ला, पुण्यातलं जोशी-अभ्यंकर हत्याकांड झालं. खटल्याला नाव मेलेल्यांच्या घराण्यांचं, पण विचारलं तर लोक मारणाऱ्या पोरांची नावं घडाघडा सांगतात. त्यातल्या एकानं तुरुंगात लिहिलेलं आत्मकथनही छापलं गेलं. ज्या घरातली माणसं गेली, त्या घराबद्दल असं वाचायला मला काही मिळालेलं नाही.

पण काकू, एक शंका आहे. पॉली त्रेचाळीस वर्षं जगली, तिचं लग्न, भाड्याची घरं सगळं कुठंतरी नोंदलेलं आहे. दोन वर्षांच्या लेकराबद्दल लिहिणार काय?

पदराची_गाठ

दोन वर्षांच्या लेकराबद्दल त्याच्या आईला विचारा, ती रात्रभर सांगेल. कोणत्या कुशीवर झोपायचं, भात कशाशी खायचं, कुणाला बघून हात पसरायचं. लिहिणारा त्या आईच्या दारात गेला पाहिजे, एवढंच. चिडून नाही बोलत, पण ‘लिहिणार काय’ हे मला पटत नाही.

कोर्टाच्या_पायरीवर

वकिली करते म्हणून सांगते, 2006 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात मुलांचा उल्लेख नावानिशी आहे. निकाल कुणालाही वाचता येतो, नेटवर आहे. मात्र वाचायला जड जाईल, एकटीनं बसून वाचू नका.

पुस्तक म्हणाल तर सोनिया फलेरोंचं ‘द गुड गर्ल्स’, 2021. बदायूँ जिल्ह्यातल्या दोन चुलत बहिणी, 2014 साली आंब्याच्या झाडाला लटकलेल्या सापडल्या. कायद्यामुळं खरी नावं देता येत नाहीत, म्हणून लेखिकेनं त्यांना पद्मा आणि लल्ली केलं. नाव बदललं तरी मुली खऱ्याच राहतात, कारण त्यांचं शेतावर जाणं, मोबाइलवरून घरच्यांची धास्ती, सगळं त्यात आहे. आपल्याकडच्या गावांशी फार जुळतं.

रंकाळा_सकाळी_सहा

जपानी लेखक हारुकी मुराकामींचं ‘अंडरग्राउंड’. 20 मार्च 1995 ला टोकियोच्या मेट्रोत सरीन हा विषारी वायू सोडला, त्यातून वाचलेल्यांच्या आणि गेलेल्यांच्या घरच्यांच्या मुलाखती. हल्ला करणाऱ्यांबद्दल एवढं छापून येतं आणि डब्यातली माणसं मात्र नुसती ‘प्रवासी’, हेच त्यांना खटकलं. म्हणून प्रत्येकाला ते आधी जन्म कुठला, घरी कोण, नोकरी काय हे विचारतात, वायूचं नंतर.

बहिणीनं बहिणीवर लिहिलेलं हवं असेल तर क्रिस्तिना रिव्हेरा गार्सा यांचं लिलियानावरचं पुस्तक. 2024 चं पुलित्झर त्याला मिळालं.

पदराची_गाठ

सगळ्यांचे आभार. ‘द फाइव्ह’ आलं. सुनेनं परवा मागची पानं आधी उघडली, तिथं पाचजणींजवळ सापडलेल्या वस्तूंची यादी आहे. पॉलीजवळ कंगवा, पांढरा रुमाल आणि आरशाचा तुकडा. केटजवळ कितीतरी बारीकसारीक, त्यात चहाची एक डबी आणि साखरेची एक. आमच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या काकी वाती वळायच्या थांबल्या. म्हणाल्या, “चहा-साखर जवळ बाळगून हिंडत होती व्हय? म्हणजे कुठं चूल मिळाली की करून प्यायचा.” मग त्यांनी तेवढंच परत वाचायला लावलं.

निकालाची प्रिंट मुलगा काढून आणणार आहे. तोच, बत्तीस वर्षांचा झाला आता. वकीलताई, एकटीनं नाही वाचत, सातजणी आहोत.