तिला काही आठवणार नाही, मग हा आटापिटा कोणासाठी?

ओले मोजे (धागाकर्ता)

आधीच सांगतो, भांडायला आलेलो नाही. पण भांडण झालं तर चालेल.

आमची लेक अडीच वर्षांची. पावसाचा जोर जरा ओसरला की तिला धबधबा दाखवायचा, असं घरात ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. जायला अडीच तास लागले. गाडी लावून तिला खाली उतरवलं, तर तिथेच पाण्याचा एक बोटभर रुंद ओहोळ वाहत होता. आमच्या गाडीच्या पुढच्या चाकापाशी आत शिरायचा आणि मागून बाहेर पडायचा. तिने त्यात एक गळलेलं पान सोडलं. "पान गेलं." मग धावत मागच्या बाजूला. तिथे उकिडवी बसून वाट बघणं. "पान आलं!" की पुन्हा पुढे. किती फेऱ्या झाल्या मोजलं नाही. माझे मोजे भिजून गार पडले, तिचा खेळ काही संपेना.

शेवटी "चल गं, पुढे खूप मोठं पाणी आहे" म्हणत उचललंच तिला. वीस मिनिटं कडेवर, पाय झाडत, भोकाड पसरून. धबधब्यापाशी पोचलो तर त्या आवाजाने तिने दोन्ही कान झाकून घेतले. फोटो मात्र झकास आला. मागे धबधबा, पुढे मी दात काढतोय, आणि ती माझ्या खांद्यावरून आलो त्या वाटेकडे बघतेय.

माझं म्हणणं एवढंच, की तीन-चार वर्षांच्या आतल्या मुलांच्या सहली आपण आपल्या हौसेसाठी काढतो. खुशाल काढाव्यात. पण "पोरांसाठी करतो हो सगळं" हे पालुपद बंद करूया. तिला यातलं काडीचंही आठवणार नाही. बोला.

तिसरी पिशवी

आठवणार नाही म्हणून न्यायचं नाही, या हिशोबाने अडीच वर्षांच्या मुलीला गोष्ट तरी कशाला सांगता? अंघोळीच्या वेळी गाणं कशाला म्हणता? तेही कुठे आठवणार आहे!

आणि "आठवत नाही" हेही अर्धंच खरं. कॅरोलिन रोव्ही-कोलियर या संशोधिकेचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. पाळण्यावर टांगलेलं खेळणं रिबिनीने बाळाच्या पायाला बांधायचं. पाय हलवला की खेळणं हलतं, हे बाळ शिकतं. मग काही दिवसांनी तेच खेळणं पुन्हा टांगून बघायचं, पाय हलवतंय का. दोन महिन्यांच्या बाळाला ते एक-दोन दिवस लक्षात राहायचं, सहा महिन्यांच्या बाळाला दोन आठवडे. थोड्या मोठ्या मुलांना खटका दाबून चालणारी खेळण्यातली आगगाडी दिली, तर दीड वर्षाच्या मुलांना ती जवळपास तेरा आठवडे लक्षात होती. म्हणजे आठवण तयार होते, ती मोठेपणापर्यंत टिकत नाही इतकंच. आपल्यालाही सर्वांत जुनं आठवतं ते साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातलं. त्याआधीचं पुसलेलं असतं. फ्रॉइडने या विसरण्याला नावसुद्धा दिलं होतं.

पुसलं गेलं म्हणजे वाया गेलं, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

दुपारची झोप

मी धागाकर्त्याच्या बाजूने. पण आठवणीचा मुद्दा सोडा, तुमचा दिवसच चुकलाय. अडीच तास जाताना, अडीच तास येताना, म्हणजे पाच तास पोर पट्ट्यात जखडलेलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात बाबागाडीत किंवा खुर्चीत एका वेळी तासाभराहून जास्त बांधून ठेवू नका, असं सांगितलंय. एक ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून निदान 180 मिनिटं हालचाल हवी, आणि एक-दोन वर्षांच्या मुलांना झोप 11 ते 14 तास, त्यात दुपारची आली. तीन-चार वर्षांच्यांना 10 ते 13.

आता सहलीचा दिवस यात बसवून दाखवा. दुपारची झोप गाडीत तुकड्या-तुकड्यांनी होते. संध्याकाळी पोर किरकिरं होतं आणि आपण म्हणतो, "एवढं फिरवलं तरी रडतंय!" अहो, फिरवलं म्हणूनच रडतंय.

रविवारचा ड्रायव्हर

अहो पण आईबापांनी जगायचं की नाही? मूल झालं म्हणजे चार वर्षं संन्यास का? मला धबधबा आवडतो. मला तो बघायचाय. पोरगं घरी ठेवता येत नाही म्हणून ते बरोबर येतं. यात लपवण्यासारखं काय आहे?

हसरा बाप बघायला मिळणं हीसुद्धा पोराच्या दृष्टीने चैन आहे, विशेषतः सोमवार ते शनिवार तो दिसतच नसेल तर.

ओले मोजे (धागाकर्ता)

@रविवारचा ड्रायव्हर, मग आपलं एकमत आहे की! "मला बघायचाय" हे तुम्ही सरळ म्हणताय. माझी तक्रार न म्हणणाऱ्यांबद्दल आहे. त्यात मीही आलो.

डब्याचं झाकण

सगळी चर्चा वाचली. एक प्रश्न. त्या दिवशी पिशवी कोणी भरली होती?

दोन जादा कपड्यांचे जोड, लंगोट, ओले कपडे कोंबायला वेगळी पिशवी, टॉवेल, तापाचं औषध, पाण्याची तिचीच बाटली (दुसरीतलं ती पीत नाही), खाऊ, तो संपला तर दुसरा खाऊ, आणि ते मळकं सशाचं बाहुलं, जे राहिलं तर अर्ध्या वाटेतून परत फिरावं लागतं. तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये ही पिशवी कुठे नाही. मोजे मात्र आहेत.

"पोरासाठी की आपल्यासाठी" ही वाटणी तुम्हाला सुचते, कारण "आपल्या"मधलं दुसरं माणूस त्या दिवशी कशासाठी आलं होतं ते तुम्ही विचारलेलं नाही.

ओले मोजे (धागाकर्ता)

बायकोने भरली होती. आदल्या रात्री अकराला. तुमचा प्रतिसाद तिला दाखवला. ती काही बोलली नाही, नुसती हसली. ते हसू मला आवडलेलं नाही.

आजोबा ऑनलाइन

त्या पानाच्या खेळात कोणालाच काही वावगं दिसलेलं नाही, म्हणून म्हाताऱ्याला बोलणं भाग आहे. वाहनतळ ही खेळायची जागा नव्हे. गाडी मागे घेणाऱ्याला जेमतेम तीन फुटांचं लेकरू दिसत नाही, त्यातून ते उकिडवं बसलेलं असलं तर आरशातही नाही. धबधब्यापेक्षा तो ओहोळच जास्त धोक्याचा होता, हे तुमच्या कोणाच्याच मनात कसं आलं नाही?

आणखीही दोन-चार गोष्टी सांगतो, कोणाच्या उपयोगी पडल्या तर बरं. पाण्यात बुडणारं मूल ओरडत नाही, हातपाय आपटत नाही. गुपचूप खाली जातं, आणि तेही वीतभर पाण्यात. म्हणून पाण्याजवळ मूल हाताच्या अंतरावर हवं, नजरेच्या नव्हे. ढग गडगडले की आडोसा गाठायचा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही, मग ऊन पडलेलं का असेना. उन्हाळ्यात बागेतल्या लोखंडी घसरगुंडीला आधी आपल्या हाताची मागची बाजू लावून बघा. थंडीत गाडीतल्या बालखुर्चीचे पट्टे जाड फुगीर जॅकेटवरून आवळू नका. धक्का बसला की जॅकेट दबतं आणि पट्टा सैल पडतो. जॅकेट काढून पट्टे लावायचे, मग तेच वरून पांघरायचं.

ओले मोजे (धागाकर्ता)

आजोबा, इंजिन बंद होतं, चावी खिशात होती आणि मी तिच्या शेजारीच बसलो होतो.

आजोबा ऑनलाइन

तुमचं इंजिन बंद होतं. शेजारच्याचं?

ओले मोजे (धागाकर्ता)

बरोबर आहे. हे डोक्यातच आलं नव्हतं.

कानांवर हात

नाव बघून कळलं असेल मी का लिहितेय. माझा मुलगा चार वर्षांचा आहे. मोठा आवाज त्याला सोसत नाही. मिक्सर लावायच्या आधी सांगावं लागतं.

तुमच्या मुलीने कान झाकले, यावरून तुम्ही "हे तिच्यासाठी नव्हतंच" असा निष्कर्ष काढलात. मीही दीड वर्ष तसंच मानलं. कुठे न्यायचंच नाही. त्याचा परिणाम असा झाला, की घराबाहेरचा साधा रस्तासुद्धा त्याला परका वाटायला लागला. मग उलट सुरुवात केली. जत्रेसारखी गर्दी असेल तिथे उघडायच्या वेळेला जायचं, गर्दी व्हायच्या आत बाहेर. पहिल्यांदा लांबूनच बघितलं, दहा मिनिटांत परत. दुसऱ्यांदा थोडं जवळ. कान झाकायचे हेडफोन गळ्यातच असतात, लागले तर तो स्वतःच चढवतो. निघायचं कधी, हे त्याने ठरवायचं. एकदा तर फाटकातूनच परत आलो आणि नवरा म्हणाला, "तिकिटाचे पैसे?" मी म्हटलं, फाटक बघितलं ना त्याने.

तुम्हीही लांबच थांबला असता, आवाज कुठून येतो ते तिला सांगितलं असतं, तर कदाचित ती हळूहळू पुढे आली असती. न्यायचं की नाही हा प्रश्नच नाही. किती जवळ, किती वेळ, एवढंच ठरवायचं.

दुपारची झोप

@कानांवर हात, पटलं. पण मग त्यासाठी अडीच तास लांब कशाला? घराखाली साचलेल्या डबक्यात सगळा पावसाळा आहे.

नववा मजला

हे "घराखालचं डबकं" ऐकून ऐकून कंटाळा आलाय. कोणाच्या घराखाली? आमच्याकडे खाली उतरलं की गाड्याच गाड्या, त्यांच्यामध्ये जी फट उरते ती सुरक्षारक्षकाच्या खुर्चीची. पाऊस आम्हाला काचेतून दिसतो. माझ्या मुलीने ओल्या मातीत पहिल्यांदा पाय ठेवला तो दोन वर्षांची असताना, आणि तो तिने लगेच उचलला. "घाण!" म्हणाली. त्या दिवशी मला जे वाटलं ते इथे लिहिता येणार नाही.

ज्यांच्या दारात झाड आहे त्यांनी सहलींना नाकं मुरडावीत. आम्हाला माती बघायलाही गाडी काढावी लागते. आठवेल न आठवेल, तिच्या पायाला माती ओळखीची तर होईल.

तिसरी पिशवी

@नववा मजला, +1. आणि धागाकर्ते, आठवणीबद्दल एक राहिलं. रॉबिन फायवश, इलेन रीस यांच्यासारख्या संशोधकांनी आई-वडील आणि मुलांमधल्या गप्पांचा बराच अभ्यास केलाय. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल जे पालक तपशिलात शिरून, मोकळे प्रश्न विचारत बोलतात ("मग काय झालं? तू काय केलंस?"), त्यांची मुलं पुढे आपल्या आठवणी जास्त भरभरून सांगतात. नुसतं "मजा आली ना?" विचारलं की "हो" येतं आणि विषय संपतो. तेव्हा नेलंत हे अर्धं काम. परत आल्यावर तिच्याशी काय बोललात?

रविवारचा ड्रायव्हर

बघा, आता सहलीनंतर तोंडी परीक्षापण!

ओले मोजे (धागाकर्ता)

दीड महिन्याने परत येतोय, कारण काल एक गंमत झाली.

आधी कबुली. परत आल्यावर मी तिला धबधब्याचा फोटो दाखवून "हे काय? धबधबा! कोण गेलं होतं?" असं बरेचदा विचारलं. ती दर वेळी फोटोतल्या माझ्याकडे बोट दाखवून "बाबा" म्हणायची. धबधब्याशी तिचा काही संबंध नसल्यासारखं.

काल बायको गॅलरी धूत होती. पाणी कपाटाखालून वाहत पलीकडे निघालं. लेक आली, शाम्पूच्या बाटलीचं टोपण त्यात सोडलं, आणि म्हणाली, "पान गेलं." मग कपाटाला वळसा घालून पलीकडे जाऊन उकिडवी बसली. मी विचारलं, "मग काय झालं?" (तिसरी पिशवी, तुमचंच वाक्य.) तर म्हणाली, "बाबा ओला. गाडी. पान आलं." टोपण मध्येच अडकलं होतं, ते बायकोने झाडूने ढकललं. त्या दिवशी ती गाडीच्या दुसऱ्या बाजूला पिशवी घेऊन उभी होती आणि अडकलेली पानं तीच हळूच पुढे सारत होती, हे मला काल कळलं.

डब्याचं झाकण

वहिनींना नमस्कार सांगा.

तिसरी पिशवी

म्हणजे दीड महिना लक्षात राहिलं. म्हणजे न्यायला हवंच होतं. मान्य करा.

ओले मोजे (धागाकर्ता)

मान्य. पार्किंगपर्यंत.

आजोबा ऑनलाइन

पार्किंगच्या बाहेर.