घरचे नर आत्ताच विकायचे की वाढवायचे? भाव कसा वाढेल? मदत हवी आहे (अर्जंट)

गिरणाकाठ (भडगाव)
राम राम मंडळी, जरा लवकर उत्तर द्या कारण व्यापारी रविवारी येतो म्हणून राहिला. घरचे चार नर आहेत, तो मोठ्या दोघांचे उक्ते २२ हजार सांगतो आणि बारक्या दोघांना तर हातच लावत नाही, म्हणतो फुकट दिले तरी नेणार नाही. मला पटत नाही. शेजारच्या गावात एकाने असेच नर पोसून दुपटीने विकलेत. मका निघालाय, मागच्या सालचा दादरचा (रब्बी ज्वारीचा) कडबा शिल्लक आहे, सरकी ढेप उधारीवर मिळते. तर काय चारलं म्हणजे लवकर भरतील, किती दिवस ठेवायचे आणि विकायचे कुठे एवढंच सांगा.

पांझरा
नर म्हणजे गायीचे गोऱ्हे का म्हशीचे पारडे? ते आधी सांग भाऊ, सगळं त्याच्यावर आहे. गायीचे असतील तर २०१५ पासून राज्यात गाय, वळू, बैल काहीच कापायला चालत नाही, गोऱ्हा फक्त औताला जाईल. म्हशीचे असतील तर गोष्ट वेगळी. आणि वय? जंताचं औषध कधी दिलं होतं?

माळरान_साक्री
दादा सगळे विकून टाका आणि त्या पैशात उस्मानाबादी शेळ्या आणा. जुळी देते, बोकड वर्षभरात विकायला येतो, गावात घरी येऊन घेऊन जातात. टोणग्याला दीड-दोन वर्षं खायला घालून हातात काय येतं? आमच्या घरी शेळ्यांनीच दोन पोरांची शिक्षणं केली.

गिरणाकाठ (भडगाव)
शेळ्या नाही करायच्या दादा, बाजूला कपाशी आहे, शेळ्या सांभाळायला माणूस नाही. नर म्हशीचेच आहेत, अजून कशाचे असणार, आमच्याकडे म्हशीच आहेत, काठेवाड्याकडून घेतलेल्या जाफराबादी. मोठे दोघं वर्षाच्या वरचे, एक सहा-सात महिन्यांचा, आणि एक आत्ताच दिवाळीनंतर झालेला. जंताचं औषध मोठ्यांना दिलं नाही. आता सांगा काय चारू.

पशुसेवा_चोपडा
चारायच्या आधी दोन कामं करा. पहिलं, जंताचं औषध. म्हशीच्या पारड्यात गोल जंत आईच्या दुधातूनच येतो, म्हणून पारडू दोन-तीन आठवड्यांचं असतानाच पहिला डोस लागतो, पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. औषध आणि मात्रा वजनावर ठरते, दवाखान्यात वजन सांगून घ्या, मेडिकलवाल्याच्या अंदाजावर नको. पोटात जंत असताना ढेप चारली तर ती जंताला जाते.

दुसरं म्हणजे माप घ्या. शिवणकामाचा टेप चालतो. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचात, आणि खांद्याच्या टोकापासून माकडहाडाच्या टोकापर्यंत लांबी इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, आलं ते किलोत वजन. थोडं मागेपुढे होतं, पण व्यापाऱ्याच्या डोळ्यापेक्षा बरं. मोठ्या दोघांचं माप इथे टाका, आणि अंगाने कसे आहेत तेही लिहा.

केळीबाग_रावेर
आमच्याकडे केळीचं खोड फुकट आहे. बारीक कुट्टी करून द्या, जनावर आवडीने खातं, उन्हाळ्यात तर पाण्याचं पण काम होतं. माझ्या म्हशी त्याच्यावरच आहेत. भडगावकडे पण आता केळी वाढलीये, बागवाल्याशी बोला, ट्रॉली भरून फुकट देतील, त्यांना तरी ते बाहेर काढायचंच असतं.

पांझरा
केळीबागवाले दादा, खोडात शंभरातले नव्वदच्या वर भाग पाणीच असतं. दुभत्या म्हशीला चाऱ्याच्या जोडीला ठीक आहे, पण वजन वाढवायच्या जनावराचं पोट पाण्याने भरलं तर तो मका-ढेप खाणार कुठे?

केळीबाग_रावेर
मी फक्त खोड चारा असं कुठे म्हटलं? कडब्याबरोबर मिसळूनच देतात. नुसता कडबा कोरडा पडतो, पारडे टाकून देतात आणि अर्धा पायाखाली जातो. तुम्ही कधी चारलंय का? तुमच्या पांझरेकाठी केळी किती?

तंत्रशेती
मूळ प्रॉब्लेम हा आहे की नर जन्मतातच कशाला. लिंगवर्गीकृत वीर्य वापरा, म्हणजे ते सेक्स सॉर्टेड सीमेन, शंभरात नव्वदच्या आसपास मादीच होते. मी गेल्या वर्षापासून तेच भरवतो. चार वगारी असत्या तर आज हा धागाच काढावा लागला नसता.

गिरणाकाठ (भडगाव)
तंत्रशेती भाऊ, पुढच्या खेपेला बघू, पण हे चार तर झालेत ना. रविवार जवळ आला.

पशुसेवा, माप घेतलं. मोठा घेर ५२, लांबी ४६. दुसरा ४९ आणि ४४. केस राठ झालेत, बरगड्या दिसतात, पोट मात्र मोठं. शेण कधी पातळ कधी बरं.

पशुसेवा_चोपडा
म्हणजे मोठा १८८ किलोच्या आसपास, दुसरा १६०. दोघांचे मिळून ३४८ किलो. पोट मोठं आणि बरगड्या दिसतात ही जंताचीच खूण वाटते, तरी शेण एकदा दवाखान्यात दाखवाच. नदीकाठी चरत असतील तर यकृतातला चपटा जंत पण असू शकतो, त्याला औषध वेगळं लागतं.

बाजारकर_सावदा
मी हा धंदा जवळून बघितलाय म्हणून बोलतो. ३४८ किलोला २२ हजार म्हणजे किलोला ६३ रुपये पडले. भरलेल्या टोणग्याला आमच्या बाजारात मी जिवंत वजनावर शंभराच्या वर जाताना बघितलंय. फरक कसला, तर अंगाचा. रोड जनावर कापल्यावर हाडं, कातडं, पोटच जास्त निघतं. भरलेल्याचं निम्म्याच्या आसपास मांस पडतं, रोडक्याचं त्याहून बरंच कमी. तुझा व्यापारी हे नेऊन तसेच कापायला देणार नाही, तो कोणाच्या तरी खळ्यावर तीन-चार महिने ठेवेल, जंताचं औषध देईल, मका घालेल आणि मग विकेल. उपाशी राहिलेलं जनावर खायला लागलं की इतरांपेक्षा झपाट्याने भरतं, तो सगळा फायदा त्याचा. तेच तीन-चार महिने तू ठेव ना. घरचा मका आहे, जागा आहे.

आणि रुमालाखाली बोटं दाबून सौदा करू नको. वजनावर बोल, नाहीतर नको म्हण.

गिरणाकाठ (भडगाव)
हे कोणी आधी का नाही सांगितलं. ६३ रुपये. बरं मग मका किती घालू, लगेच भरपूर सुरू केला तर चालेल ना?

पशुसेवा_चोपडा
अजिबात नाही. कडब्यावरच्या जनावराला एकदम मका घातला तर पोटात आम्ल होतं, जनावर बसतं आणि मरतं सुद्धा. पाव किलोपासून सुरू करा, दहा-पंधरा दिवसांत हळूहळू दीड-दोन किलोवर न्या, आणि ते पण सकाळ-संध्याकाळ वाटून. एवढ्या जनावराला दिवसाला वाळल्या हिशोबाने पाच किलोच्या आसपास खाणं लागतं. त्यात मक्याचा भरडा, सरकी ढेप, तूर किंवा हरभऱ्याची चुनी मिळाली तर ती, शिवाय मिनरल मिक्श्चर ३० ग्रॅम आणि मीठ. कडबा कुट्टी करूनच द्या. रोज थोडा तरी हिरवा चारा पाहिजे, घास किंवा मारवेल, काहीही. पाणी दिवसभर पुढे. सरकी ढेप मोठ्या दोघांनाच. सगळ्यात लहान्याला नाही, त्याचं पोट अजून रवंथाचं झालेलं नाही, सरकीतलं विष त्याला बाधतं.

नानाभाऊ_पारोळा
ढेप उधारीवर घेऊ नको, त्यातच सगळा नफा जातो. कडब्याला युरियाची प्रक्रिया कर, १०० किलो कडबा कुट्टीला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात विरघळवून शिंपड, ताडपत्रीत घट्ट दाबून २१ दिवस ठेव. कडबा मऊ होतो, प्रथिनं वाढतात. मी दरवर्षी करतो.

माळरान_साक्री
युरिया जनावराला चारतात??

पशुसेवा_चोपडा
प्रक्रिया बरोबर सांगितली नानाभाऊंनी. फक्त सहा महिन्यांच्या आतल्याला द्यायचा नाही, उघडल्यावर थोडा वेळ वारा लागू द्यायचा म्हणजे अमोनियाचा वास उडतो, आणि युरिया पाण्यात पूर्ण विरघळलाच पाहिजे. युरियाची गोणी किंवा ते पाणी जनावराच्या तोंडाशी आलं तर तासाभरात जातं.

आप्पा_अमळनेर
भाऊ, मोठासनं जाऊ दे, त्या धाकलाले दूध पिऊ दे पयले. आम्हनाकडे बारीक पारडू मरी जास त्यान्हं कारण दूध नै आनि जंत, दुसरं काहीच नै. येक सड त्यान्हासाठे सोडी दे. पारडू मरनं की म्हैस पन दूध चोरस, मंग दोन्हीकडथून नुकसान.

गिरणाकाठ (भडगाव)
आप्पा, डेअरीला लिटरला ५५ मिळतात. रोज तीन लिटर त्याला सोडलं तर महिन्याचे पाच हजार गेले. तो व्यापारी तर त्याला फुकट नेत नाही म्हणतो.

पांझरा
तीन लिटर दोन-तीन महिने नाही सोडायचं भाऊ. पहिला महिना वजनाच्या दहाव्या भागाइतकं दूध, मग तिसऱ्या आठवड्यापासूनच थोडं काफ स्टार्टर (लहान पारडांचं तयार खाद्य) आणि कोवळा हिरवा चारा पुढे टाकायचा, तो चाटायला लागतो. जसं खाणं वाढेल तसं दूध कमी. अडीच-तीन महिन्यांत तोडता येतं. आप्पा म्हणतात ते म्हैस आटण्याचं खरंय, म्हशीला पारडू नसलं की पान्हा सोडत नाही, मग इंजेक्शनच्या मागे लागायची पाळी येते आणि ते नको. म्हणजे त्याचं दूध तू फक्त त्याच्यासाठी खर्च करत नाहीस, वेताचं दूध वाचवतोयस.

एक विचारायचं राहिलं, जन्मल्यावर चीक किती वेळात पाजला होता?

गिरणाकाठ (भडगाव)
वार (म्हशीचा जार) पडल्यावर पाजतात आमच्याकडे. घरात तीच पद्धत आहे.

पशुसेवा_चोपडा
ती पद्धत सोडा, वार पडायची वाट बघू नका. पहिल्या एक-दोन तासांत चीक पोटात गेला पाहिजे. रोगाशी लढायची ताकद चिकातूनच येते, आणि ती पारड्याच्या आतड्यातून रक्तात जायची वाट २४ तासांत बंद होते. वार पडायला बारा तास लागले तर अर्धी संधी गेलेली असते. बऱ्याचदा पारड्याने ढुशी दिली की वार पडायला पण मदतच होते.

धर्मसेवा_यावल
मला हे वाचून वाईट वाटतं. घरी जन्मलेलं जनावर, पोरांनी नाव ठेवलेलं असतं, त्याला कापायलाच पोसायचं? जाफराबादी आहे तर चांगला रेडा म्हणून तयार करा, गावोगावी म्हशी भरवायला रेडा मिळत नाही.

बाजारकर_सावदा
दादा, भावना समजते, पण चारही नरांचे रेडे नाही होत, गावाला एक पुरतो. आज बरेचसे नर चीक-दूध तोडून उपाशी मारले जातात ते तुम्ही बघता ना? पोसून विकणारा माणूस निदान दोन वर्षं त्याला पोटभर घालतो.

धर्मसेवा_यावल
उपाशी मारणं तर त्याहून वाईटच, त्याला माझा विरोधच आहे. मी एवढंच म्हणतो की एकाचा तरी विचार करावा.

पशुसेवा_चोपडा
रेड्याचा विचार करता येईल, पण आईचं दूध किती ते लिहून ठेवलेलं पाहिजे, नुसतं जाफराबादी दिसतो म्हणून ठेवू नका. आणि ज्या म्हशीखालचा आहे त्याच घरात भरवायला वापरायचा नाही. गिरणाकाठ, सात महिन्यांच्या त्या पारड्याची आई किती देते?

गिरणाकाठ (भडगाव)
तीच सगळ्यात चांगली आहे, दोन्ही वेळचं मिळून चौदा. फॅट पण लागतं. पण लिहून नाही ठेवलं, डेअरीच्या पावत्या असतील.

तंत्रशेती
याला काही अनुदान आहे का? कोणी फॉर्म भरलाय का?

नानाभाऊ_पारोळा
राष्ट्रीय पशुधन अभियानात शेळी, मेंढी, कोंबडी, वराह आणि चारा यांना आहे, २०२४ मध्ये घोडा, गाढव, उंट पण घातले. टोणगे पाळायला त्यात नाही. मुरघासाच्या युनिटला मिळतं, पण ते चार जनावरांसाठी नसतं.

माळरान_साक्री
म्हणून तर शेळ्या म्हणालो.

बाजारकर_सावदा
गिरणाकाठ, विकायच्या वेळेचं सांगतो. बकरी ईदला टोणग्याला मागणी चांगली असते, पण कुर्बानीला म्हैसवर्गाचं जनावर दोन वर्षं पूर्ण झालेलं लागतं, लंगडं, आंधळं, मुळापासून शिंग मोडलेलं चालत नाही. तुझे मोठे दोघं या ईदला बसतात का ते वय बघून ठरव, नसतील तर ईदसाठी थांबून चारा घालवू नको. ईद दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे येते हे पण धर. आणि वैशाखात आपल्याकडचं ऊन म्हणजे म्हशीच्या जातीचे हाल, काळं कातडं, घाम कमी, खाणंच सोडतात. सावली आणि दोनदा अंगावर पाणी नसेल तर होळीच्या आसपास मोकळा हो.

गिरणाकाठ (भडगाव)
ठरवलं. रविवारी व्यापाऱ्याला नाही म्हणणार. मोठे दोघं होळीपर्यंत ठेवतो, उद्याच शेण घेऊन दवाखान्यात जातो. सात महिन्यांचा ठेवून बघतो, पावत्या शोधायला सांगितलंय. लहान्याला एक सड सोडायला घरी आईला पटवावं लागेल, आप्पांचं म्हणणं तिला वाचून दाखवतो. आता फक्त वजनावर विकायचं म्हणता तर काटा कुठे? आमच्या बाजारात जनावराचा काटा नाही.

बाजारकर_सावदा
कोणत्याही जिनिंगचा भुईकाटा. आधी रिकामा छोटा हत्ती टेम्पो काट्यावर घे, मग जनावरं चढवून परत. दोन्ही पावत्या हातात ठेव. भुईकाटा पाच-दहा किलोने धरतो म्हणून दोघं एकदमच मोज. सकाळी पाणी पाजायच्या आधी मोज, आणि व्यापाऱ्याला पण तसंच सांग, नाहीतर तो पोटातल्या पाण्याचं म्हणून भाव पाडतो.

पांझरा
कानाला बिल्ला आहे ना चौघांच्या? १२ आकडी. त्याशिवाय बाजारात घेत नाहीत आणि वाहतुकीत अडवतात. गाडीत भरताना आरोग्य दाखला आणि विक्रीची पावती ड्रायव्हरकडे द्यायची, एक झेरॉक्स स्वतःकडे. कापायचा दाखला पारडं-म्हशीलाही लागतो, पण ते घेणाऱ्याने बघायचं.

गिरणाकाठ (भडगाव)
मोठ्यांना आहे. लहान दोघांना नाही, दवाखान्यात उद्या तेही विचारतो. लाळ्या खुरकुतची लस सात महिन्याच्याला बसली नाही, ती पण त्याच वेळी देतात का?

पशुसेवा_चोपडा
देतात, सरकारी मोहिमेत फुकट आहे. चार महिन्यांनंतर पहिली, महिन्याने बूस्टर, मग दर सहा महिन्यांनी. घटसर्प आणि फऱ्याची पावसाळ्याच्या आधी. पण आधी जंताचं औषध होऊ द्या, आठ-दहा दिवसांनी लस घ्या. शेणाचा रिपोर्ट आला की इथे टाका, चपटा जंत निघाला तर औषध बदलावं लागेल.