शाळा झाडायची कुणी? पोरांनी, की माणूस ठेवून?

पाखाडी (धागा काढणारी)

माझी मुलगी गुहागर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत आहे. पहिली ते पाचवी, पट सतरा, दोन शिक्षक. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. गेल्या आठवड्यातल्या सभेत एका पालकांनी मुद्दा काढला की पोरांच्या हातात झाडू देणं बंद करा, "शिकायला पाठवतो, झाडलोटीला नाही." त्यावरून दोन तट पडले आणि सभा तशीच उठली. येत्या शनिवारी पुन्हा बसायचं आहे. मला हे बंद व्हायला नको आहे, आणि माझं कुठे चुकत असेल तर ते शनिवारच्या आत कळलेलं बरं, म्हणून इथे मांडते.

शाळा दहाची. पोरं पावणेदहालाच पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरून हजर असतात. गुरुजी कुलूप काढतात. रात्री वटवाघळं कौलांखालून फिरलेली असतात, अर्धवट खाल्लेले बदाम वर्गभर पडलेले असतात. ओट्यावर कुत्री झोपून गेलेली. पावसाळ्यात तर विचारू नका, पागोळ्यांखाली पाय धुवून आलं तरी गोणपाटावरून लाल पावलं आत येतातच. मग झाडलोट, मग घंटा, राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, दिनविशेष, बातम्या, पाढे असा परिपाठ, आणि त्यानंतर वर्ग.

परवा मुलीची विसरलेली छत्री द्यायला गेले तेव्हा थोडा वेळ दारात उभी राहिले. पहिलीतला एक बारका ओंजळीने पाणी शिंपडत होता. चौथीतली एक त्याला म्हणाली, "एवढं नको रे, चिखल होतो. बोटं झटक नुसती." त्याने बोटं झटकली. तिने हिराची वाढवण घेऊन कोपऱ्यातून सुरुवात केली. सुपली धरलेला मुलगा एकेक पाऊल मागे सरकत होता, कारण प्रत्येक वेळी सुपलीच्या कडेखाली धुळीची बारीक रेघ उरते. तिसऱ्यांदा मागे सरकला तेव्हा रेघ संपली. दोघांनी वाकून पाहिलं आणि मगच सुपली उचलली.

पहिलीतलं आणि पाचवीतलं पोर एका कामाला लागलंय असं दिवसभरात बहुतेक एवढंच एकदा घडतं. आणि काम नीट झालं की नाही ते गुरुजींना विचारावं लागत नाही, जमिनीकडे बघितलं की कळतं. एवढं चांगलं चाललेलं काम मोडायचं का?

खाजणवाट

ताई, मी तुमच्या गावचा नाही, पण सभेतल्या त्या पालकांच्या बाजूचा आहे.

हिशोब मांडतो. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं ठरवून दिलंय. रोजची वीस मिनिटं धरली तर वर्षाला ६६ तास ४० मिनिटं झाडू हातात. दोन शिक्षकांच्या शाळेत पाच वर्ग एकत्र बसतात, म्हणजे पोराच्या वाट्याला गुरुजी आधीच अर्धेमुर्धे येतात. त्यातून आणखी कापायचं?

दुसरं. गावोगाव सकाळी पिवळी गाडी येते आणि निम्मी पोरं इंग्रजी शाळेला घेऊन जाते. तिथे झाडायला मावशी असतात. पट घटला की आपण सरकारला बोलतो, पण मुंबईत धुणीभांडी करून पोरांना शिकवणाऱ्या आईला नातू झाडताना दिसला तर तिला काय वाटेल, हे कोण बघतं? माझ्या आईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या लाद्या पुसल्या. तिला तुम्ही झाडण्यातलं चांगलं सांगायला जाऊ नका.

आणि पैसे नाहीत असं कुणी म्हणू नये. देवळाच्या जीर्णोद्धाराला आमचं मुंबई मंडळ पावत्या फाडतं, पूजेला, नमनाला वर्गणी निघते. वाडीतल्या एका बाईला महिन्याला दीड हजार देऊन शाळा झाडून घेणं मंडळाला मुळीच जड नाही. तिलाही काम मिळेल.

पाखाडी

६६ तासांचा हिशोब चुकतोय दादा. झाडलोट घंटेच्या आधी होते, पोरं आपणहून लवकर येतात. शिकवण्याच्या तासांतून काही जात नाही. आईबद्दल जे लिहिलंत त्यावर मात्र मी वाद घालणार नाही.

खडूफळा

मी शिक्षक आहे, राजापूर बाजूला. पट चौदा. पैशाचं नेमकं सांगतो, कारण त्याशिवाय ही चर्चा हवेत राहील.

प्राथमिक शाळेला शिपाई नसतो. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान येतं, तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये. खडू, रजिस्टरं, विजेचं बिल, फुटलेली कौलं, सगळं त्यातच. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असा नियम आहे, म्हणजे १,००० रुपये, महिन्याला ८३. फिनेल आणि हात धुवायचा साबण एवढ्यातच ते संपतात. माझ्या शाळेचं शौचालय मी स्वतः धुतो, शनिवारी सकाळची शाळा सुटली की. पोरांना त्यात कधी घेतलेलं नाही आणि घेणारही नाही. ॲसिडची बाटली कपाटात कुलुपात असते.

वर्ग मात्र पोरं झाडतात आणि मीही त्यांच्याबरोबर झाडतो. मी खुर्चीत बसून हुकूम सोडला असता तर खाजणवाट यांचं म्हणणं मला शंभर टक्के लागू झालं असतं.

मंडळाच्या मावशींबद्दल एक अनुभव. एका वर्षी आमच्याकडे तसं केलं होतं. गणपतीत ठरलं, शिमग्यापर्यंत पैसे आले, मग थांबले. त्या बाईंना नाही म्हणायला मला जावं लागलं. मंडळाचा हेतू चांगलाच होता, पण मुंबईतली माणसं बदलली की ठरावही विसरले जातात.

रातांबा

वाचत होते, लिहिणार नव्हते. पण "पोरं झाडतात" म्हणताना कुठली पोरं, हे अजून कुणीच विचारलेलं नाही.

१९८४ ते ८८, मी पहिली ते चौथी. गावाचं आणि शाळेचं नाव सांगत नाही, किनाऱ्यावरचीच होती. आमच्या शाळेत कुणी कधी काय करायचं याचा तक्ता नव्हता. गुरुजी दारात उभं राहून नावं घ्यायचे, आणि ती नावं आमच्या वाडीतली असायची. कधी रागावून नाही. अगदी प्रेमाने, "चल गो, घे वाढवण." आम्ही झाडायचो. पातेरा गोळा करून मागे जाळायचो. आणि माझ्या हे लक्षात यायला तिसरी उजाडली की पिण्याच्या पाण्याचा माठ भरायला आम्हाला एकदाही सांगितलं जात नाही. त्याला वरच्या वाडीतल्या मुली. एकदा मीच कळशी उचलली. गुरुजी म्हणाले, "राहू दे, तुला जड होईल." मी घरी विहिरीवरून दोन कळशा आणत होते.

बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय की साताऱ्याच्या शाळेत शिपाई असेल तरच त्यांना पाणी मिळायचं. मुंबई विधिमंडळातला बोले ठराव १९२३चा, त्यात पाणवठ्यांबरोबर शाळाही खुल्या करायचं म्हटलं होतं. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ला, महाडला, इथेच कोकणात. त्यानंतर साठ वर्षांनी मी त्या वर्गात होते आणि आमच्यात शिपायाचीही गरज नव्हती. एक माठ आणि एक वाढवण, दोन्हींची वाटणी न बोलता ठरलेली.

पाखाडी ताई, तुमची सुपलीची रेघ मला पुरती कळली. ती मीही पुसलीय. पण त्या आठवणीत मला फक्त धूळ दिसत नाही. माझं मत बंद करा असंच आहे. ज्या गोष्टीची वाटणी नीट होईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही, ती लहान पोरांच्या दिवसात ठेवूच नये.

जांभा

रातांबा, तुमच्यावर झालं तो अन्यायच. तरीही बंद करण्याला माझा विरोध आहे.

आपल्याच कोकणात गांधीजींचे अनुयायी अप्पासाहेब पटवर्धन होऊन गेले. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी सफाईचं काम आम्हालाही द्या असा आग्रह धरला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी डिसेंबरमध्ये गांधीजींनी येरवड्यात उपवास सुरू केला. पुढे १९४८मध्ये त्यांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला आणि मैल्याचं खत होईल असा संडास घडवला. जातीने चिकटवलेलं काम सगळ्यांनी उचललं की त्यावरचा शिक्का पुसला जातो, हे त्यांनी करून दाखवलं. शाळेतून झाडू काढून मावशींच्या हातात दिलात, तर त्या मावशी कुठल्या वाडीतून येणार? तो शिक्का तसाच राहील, फक्त पोरांच्या नजरेआड जाईल.

रातांबा

मावशी कुठल्या वाडीतून येणार, हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

पण अप्पांनी ते काम मागून घेतलं. शिकलेला, मोठा माणूस, नाही म्हणायची ताकद असलेला. आठ वर्षांच्या मुलीने गुरुजींना नाही म्हणायचं कसं?

खाजणवाट

वाटणीचं रातांबा ताईंनी मांडलं ते माझ्या मुद्द्यापेक्षा मोठं आहे. माझ्या डोक्यात फक्त गरिबी होती.

तासांचा मुद्दा मागे घेतो. पण धूळ? आमच्या पुतण्याला बाळदमा आहे. पाणी शिंपडलं तरी भिंतीची माती, वटवाघळांची घाण नाकात जाणारच. निदान तेवढं तरी मोठ्या माणसाने काढावं, तोंडाला फडकं बांधून.

खडूफळा

हे मान्य. उद्यापासून वटवाघळांचं मी काढतो, मुलं यायच्या आत. हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

पाखाडी

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण आधी शाळेत जाऊन बघून यायचं होतं.

आमच्याकडे तक्ता आहे. भिंतीवर, पुठ्ठ्यावर, गुरुजींच्या सुंदर अक्षरात. मी रोज तो बघते, पण वाचला मात्र काल पहिल्यांदा. झाडण्याच्या रकान्यात मुलं-मुली दोन्ही आहेत, सगळ्या वाड्यांतली, पाळीपाळीने. ते बघून बरं वाटलं. माठाच्या रकान्यात मात्र चार नावं आहेत, चारही मुली. आणि शौचालयात बादलीने पाणी टाकायच्या रकान्यात सलग तीन आठवडे त्याच दोन मुलांची नावं.

गुरुजींना विचारलं. ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "ती दोघं सगळ्यांच्या आधी येतात. घर शाळेला लागून आहे ना." ते खोटं बोलत नाहीत, घर खरंच लागून आहे. पण शाळेच्या त्या बाजूला कुणाची घरं आहेत आणि ती तिथेच का आहेत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्यावर आम्ही काही बोललो नाही. त्यांनीच पुठ्ठा खाली काढला.

रातांबा ताई, झाडणं बंद करायला मी अजूनही तयार नाही. पण तुम्ही लिहिलं नसतं तर शनिवारी मी हाच तक्ता पुरावा म्हणून सभेत फडकवला असता. आता सभेत मागणार आहे ते वेगळंच. शौचालयाचा रकाना तक्त्यावरून जाईल, ते काम आम्ही पालक आठवड्याला वाटून घेऊ आणि पहिला आठवडा माझा. वटवाघळांची घाण मोठ्यांनी काढायची. महिन्याच्या पहिल्या तारखेला तक्ता नव्याने लिहायचा, तो पोरांनी चिठ्ठ्या टाकून, समितीतल्या कुणासमोर तरी. आणि चिठ्ठ्या टाकताना आधी माठाचा रकाना भरायचा, झाडूचा त्यानंतर.