मदत हवी आहे: पट्टी उतरवली की गाणं रडकं का वाटतं?

गिरणाकाठ: रविवारी आमच्याकडे कानबाई (आमची खानदेशी देवी) बसतेय, रात्री जागरणाला भाची गाणार होती, तिचा घसा बसला आणि सगळ्यांनी ते माझ्या गळ्यात मारलं. तिच्या पट्टीत माझा आवाज पोचत नाही म्हणून ट्रॅक खाली आणला, तर चांगलं नाचायचं गाणं मयताला आल्यासारखं वाटून राहिलं. पट्टीने मूड एवढा बदलतो का? कोणती घेऊ तेवढं सांगा, लवकर.

सूरपेटी: कोणत्या पट्टीतून कोणत्या पट्टीत? ट्रॅक कराओके आहे का? ढोलकी कोणी वाजवणार आहे का? काही न सांगता लवकर सांगा म्हणे.

गिरणाकाठ: कराओकेच हो, अजून कसला. भाचीचा सा पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर, म्हणजे काळी चार, माझा काळी दोन. मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये उणे ५ केलं, म्हणजे पाच पट्ट्या खाली.

भरीतवाला: भो, कराओके सोड, स्केल चेंजर, म्हणजे पट्टी बदलता येणारी पेटी घे. माझ्याकडे एक पडून आहे, भाता नवीन टाकलाय.

कॅपोदादा: बदलणारच ना मूड. प्रत्येक स्केलचा स्वभाव वेगळा असतो. शूबार्ट नावाच्या जर्मन माणसाने त्याची यादीच केलेली, १८०६ साली छापली गेली, सी मेजर निरागस, डी मेजर विजयाचं वगैरे.

सूरपेटी: दादा, तेव्हाची ट्यूनिंग वेगळी होती, सगळ्या पट्ट्यांत स्वरांची अंतरं सारखी नसायची. आताच्या पेटीत शेजारच्या दोन पट्ट्यांतलं अंतर सगळीकडे सारखंच, कंपनांत साधारण ६ टक्के. सा हलला की सगळे स्वर सोबत हलतात. रडकं व्हायला शुद्ध गंधाराचा, म्हणजे ‘ग’चा, कोमल (एक पायरी उतरलेला) व्हावा लागतो, आणि ती पट्टी नाही, ती चालच बदलली. आपल्याकडे सा कुठेही धरा, भूप राग भूपच राहतो.

कॅपोदादा: मग गिटारवर तेच गाणं ई मध्ये मोकळं आणि ई फ्लॅटमध्ये दबलेलं का वाटतं?

सूरपेटी: मोकळ्या तारा वाजतात म्हणून. तो वाद्याचा गुण झाला. गळ्याचंही तसंच, वर ताण पडतो, खाली आवाज सैल होतो. पट्टीच्या नावात काही नसतं.

चोपडेकर ताई: आमच्या बायका ट्रॅक लावतच नाहीत. पहिली जिथे धरेल तिथून सुरू, तिसऱ्या कडव्याला पट्टी आपोआप वर चढलेली असते आणि कोणाला काही फरक पडत नाही 😄 रोट किती जणांचे करताय?

तापीकर: एक विचारतो, ट्रॅक आधी किती मिनिटांचा होता आणि आता किती दाखवतोय?

गिरणाकाठ: त्याचा इथे काय संबंध? ४:०० चा होता, आता ५:२० दाखवतोय.

तापीकर: तोच तर संबंध. तुमच्या अ‍ॅपमध्ये पट्टी आणि लय एकत्र बांधलेली आहे, जुनी टेप हळू फिरवली की व्हायचं तसं. उणे ५ केलं की स्पीड ७५ टक्क्यांवर येतो. नाचायची लय गेली, वर ढोलकीही त्याच हिशोबाने उतरली म्हणून ती भद्द वाजतेय. लय जागेवर ठेवायचं बटण शोधा आणि परत करा. ढोलकीचा आवाज तरी थोडा बसकाच राहील, त्यापेक्षा ट्रॅकमधली ढोलकी काढता आली तर काढा आणि माणूस बसवा, तो ढोलकी तुमच्या सा ला चढवून घेईल.

गिरणाकाठ: बटण सापडलं, आता नाचायचं वाटतंय. पण धृपदाच्या शेवटी खाली जातो तिथे आवाजच निघत नाही, नुसती हवा.

तापीकर: मग एवढं खाली कशाला जाता? उणे ३ करून पहा, पांढरी चार येईल. वरचे स्वर ओरडून का होईना निघतात, जागरणाला चालतं.

कॅपोदादा: पांढरी चार म्हणजे एफ. शूबार्टच्या यादीत एफ मेजर शांत आहे, बघा बरं.

सूरपेटी: झालं यांचं परत सुरू.

भरीतवाला: पेटी पाहायची असेल तर शनिवारच्या आत या भो, रविवारी आमच्याकडेही कानबाई आहे.